सळईच्या कडेची कातडी

अकरा नंबरच्या कॉटवरच्या माणसाच्या कानाखाली जाळ निघाला, तेव्हा मी वॉर्डात नुकतं पाऊल टाकत होतो. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. हाडांचा डॉक्टर व्हायचं म्हणून कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी शिकाऊ म्हणून रुजू झालो होतो. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कोट होता आणि समोर एक पाच फुटांची बाई सहा फुटांच्या ट्रक ड्रायव्हरला झोडत होती. ड्रायव्हरच्या नडगीतून स्टीलच्या सहा सळ्या बाहेर आल्या होत्या आणि त्या बाहेरून एका जाड दांड्याला आवळलेल्या होत्या. त्याचा गुन्हा एवढाच, की एका सळईच्या बुडाशी खाज सुटली म्हणून त्याने ट्रकच्या किल्लीने खाजवलं होतं.

"किल्ली? मुडद्या, किल्ली घातलीस व्हय? त्या किल्लीला किती गावची घाण लागलीया, ठावं हाय का तुला?" असं म्हणून बाईंनी दुसरी ठेवून दिली.

ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई लगेच स्टूल ओढून त्याच्या पायाशी बसल्या आणि पुढची पंधरा मिनिटं एकेका सळईचं बूड उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने इतक्या निगुतीने पुसत राहिल्या, की मघाशी मारणारी बाई हीच का असं मला वाटलं. काम झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"काय पावणं? भेटायची येळ चारला हाय."

"मी नवीन डॉक्टर. मगदूम. जयसिंगपूरचा."

"मगदूम म्हंजे जैनाचं. घरात पाणी गाळून पिता का अजून?"

"हो."

"मग हितं बी तसंच ऱ्हायचं. आदी हात धुवा जावा."

या कांबळे सिस्टर. अनसूया कांबळे. राहायला कोडोलीला. रोज सकाळच्या एसटीने यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने जायच्या. वॉर्डाच्या टोकाला ड्रेसिंगची खोली होती, तिथल्या कपाटाच्या दाराला आतून निळ्या कोटातला एक फोटो चिकटवलेला होता आणि त्याखाली जर्मनच्या डब्यात कापलेला गॉज. त्या डब्याला हात लावायची हिंमत आमच्या मोठ्या सरांनाही नव्हती. सिस्टर सगळ्यांना शिव्या द्यायच्या, निम्म्या जणांना मारायच्या, आणि त्यांची एक गंमत माझ्या फार उशिरा ध्यानात आली. आम्हा दवाखान्यातल्यांत ज्याला त्या आपलं मानायच्या त्यालाच अरे-तुरे आणि त्यालाच मार. जो मनातून उतरला त्याला 'अहो' आणि 'साहेब'. पहिल्या आठवड्यातच मी 'ए मगदुमाच्या पोरा' झालो. तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

आम्ही हाडांचे डॉक्टर म्हणजे थोडे सुतारच. ड्रिल घेऊन हाडात सळई मारली, दोन्हीकडचे दांडे आवळले, एक्स-रेत हाड सरळ दिसलं, की छाती फुगवून चहा प्यायला मोकळे. हाड बिचारं मुकाट सहन करतं. खरी मारामारी सळई जिथून बाहेर येते तिथे होते. कातडीला तिच्यातून आरपार गेलेली वस्तू मान्यच नसते. ती सळईच्या कडेने आत आत उतरत जाते आणि या परक्या वस्तूला आपल्यापासून तोडून वेगळं पाडायला बघते. सळई हलली नाही आणि कातडीला ताण बसला नाही, तर तिथे एक घट्ट, कोरडी कड तयार होते आणि महिनोन्महिने सगळं शांत राहतं. पण खालचा स्नायू हलताना कातडी ओढली गेली, की ती कड रोज थोडी फाटते. मग पाणी, मग लाली, मग पू, आणि तो पू सळईच्या कडेकडेने थेट हाडापर्यंत पोचतो. हे मी पुस्तकात चार पानं वाचलं होतं. सिस्टरांनी ते मला उभ्या उभ्या सांगितलं.

"काटा रुतला तर कातडी काय करती? पू करती आणि भाईर काढती. हितं तर तुमी लोखंड मारलंय. ती भांडणारच की. आपण मधी बसून समेट करायचा. रोज. एक दिस उठून गेलं, की हाणामारी सुरू."

त्या समेटाचे त्यांचे नियम कडक होते. एका सळईला लावलेला बोळा दुसरीला लावायचा नाही. हाताच्या मागच्या बाजूने प्रत्येक सळईजवळची कातडी लावून बघायची, कारण तळव्याला ऊन-गार नीट कळत नाही. नितळ पाणी आलं तर घाबरायचं नाही, गढूळ आलं तर थांबायचं नाही. पेशंटला स्वतःची सळई स्वतः पुसू द्यायची नाही. "आपल्याला आपली दया येती. दुखाय लागलं की माणूस हात आखडतो. दुसऱ्यानंच करायचं, आणि दया न करता करायचं." घरी सोडायच्या आधी पेशंटच्या आईची नाहीतर बायकोची त्या परीक्षा घ्यायच्या. एक तरी सळई चुकली, की घरी जाणं रद्द.

आणि सगळ्यांत मोठा नियम मी मार खाऊन शिकलो. कापसाच्या गिरणीत काम करणारी एक बाई होती, पट्ट्यात हात सापडून मोडलेला. तिच्या एका सळईपाशी सूज येऊन कातडी वर ओढली गेली होती, खुंटीवर शर्ट ताणून अडकवावा तशी. अशा वेळी ब्लेडने कातडीला बारीक छेद देऊन ताण सोडवायचा असतो. दोन मिनिटांचं काम. पण माझी जेवायची वेळ झाली होती.

"उद्या करू सिस्टर," मी म्हणालो.

सपकन माझ्या मनगटावर बसली. सगळा वॉर्ड बघत होता. ती बाईसुद्धा.

"उद्या? कातडी उद्यापातूर वाट बघत बसती व्हय तुझी? आज ताण हाय, उद्या भोक पडतंय, परवा पू. ब्लेड घे. आत्ता."

मी घेतलं. ताण सोडवला. संध्याकाळी वसतिगृहावर जाऊन मी घरी फोन केला आणि वडिलांना म्हणालो, इथली नर्स डॉक्टरांना मारते. वडील जयसिंगपुरात कापडाचे व्यापारी, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "चूक कुणाची होती?" मी फोन ठेवून दिला.

वॉर्डात येणारी माणसं तरी कुठे साधी मोडून यायची? कुणाला उसाच्या ट्रॉलीने चिरडलेलं, कुणाला बांधावर भावानेच फोडलेलं. दिवसभर किंचाळ्या, रक्त, आणि दाराशी एकमेकांची गचांडी धरणारे नातेवाईक. अशा जागी सिस्टरांचा आवाज नसता तर वॉर्ड चाललाच नसता, हे मी आज शपथेवर सांगतो.

शालन नावाची एक बाई आली होती. मांडीचं हाड मोडलेलं. नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडलं होतं. चौथ्या दिवशी तो नवरा आला, कॉटशी उभा राहिला आणि म्हणाला, "चल, लई झालं नाटक. घरी भाकरी कोण करणार?"

सिस्टर हातातला बोळा खाली ठेवून उठल्या. "पावणं, हिकडं या जरा." त्याची कॉलर धरून त्यांनी त्याचं तोंड शालनच्या मांडीपाशी नेलं. "मोज."

"काय?"

"खिळं मोज. मोठ्यानं."

त्याने मोजले. सहा भरले.

"तुझ्या एका दांडक्याचं ह्ये सहा हायत. आता बोळा घे आणि पूस. बायकोला घरी न्यायची हाय न्हवं? मग आदी शीक."

तो झटक्याने सुटला आणि त्याने सिस्टरांवर हात उगारला. तो हात खाली येईपर्यंत सिस्टरांनी कॉटखालचं स्टीलचं बेडपॅन उचललं होतं. त्याच्या भुवईवर असा काही आवाज झाला, की शेजारच्या वॉर्डातले लोक धावत आले. रक्ताची धार त्याच्या बनियनवर आली. मग त्याच सिस्टरांनी त्याला स्टुलावर बसवून जखम धुतली, पट्टी बांधली आणि निक्षून सांगितलं, "पाणी लावू नगंस तीन दिस. न्हायतर पू हुईल."

चौकशी झाली. ट्रस्टच्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्यांना मारलंत का?" सिस्टर म्हणाल्या, "मारलं. आणि ड्रेसिंग बी मीच केलं. ते बी लिवा की." शालन दोन महिने राहिली. रोज तिच्या सळ्या पुसायला तिची बहीण यायची. नवरा परत दिसला नाही.

मग संग्राम आला.

बावीस वर्षांचा पैलवान, मूळचा पेठ वडगावचा, शहरातल्या एका तालमीत राहणारा. मैदानात कुस्ती चालू असताना पाय अडकला आणि नडगी कातडी फाडून बाहेर आली. मोडल्याचा आवाज हलगीच्या वरून लोकांना ऐकू आला म्हणे. त्याला घेऊन आले होते त्याचे दादू वस्ताद. सत्तरीचे, कान कुस्तीत चेचून चपटे झालेले, पिळदार मिशा, कमरेला धोतर. तालमीतली पोरं त्यांच्यापुढे मान वर करून बोलत नसत. आम्ही पाय धुतला, सहा सळ्या घातल्या, बाहेरून दांडा आवळला. संग्रामचा एकच प्रश्न, "डॉक्टर, परत मातीत उतरीन न्हवं?" सर म्हणाले, पाय नीट राहिला तर उतरशील. सगळ्यांचा जीव त्या एका 'नीट राहिला तर'वर टांगलेला होता.

तो पाय तीन आठवडे नीट राहिला. सिस्टरांनी संग्रामच्या आईची परीक्षा दोनदा घेतली आणि मग त्याला घरी सोडलं. पण तो घरी गेला नाही. वस्तादांनी त्याला तालमीत नेलं. पैलवान तालमीतच बरा होतो, अशी त्यांची श्रद्धा. आईला तालमीत कोण येऊ देणार? ती वडगावात, पोरगा तालमीत, आणि सळ्या कुणाच्या हातात, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही.

बाराव्या दिवशी सकाळी त्याला चौघांनी उचलून आणला. अंगात फणफणून ताप, पाय भोपळ्यासारखा सुजलेला. मी पट्टी कापली आणि मला आधी वाटलं, की आत रक्त वाळलंय. रक्त नव्हतं. माती होती. तालमीची तांबडी माती, सहाच्या सहा सळ्यांच्या बुडाशी बोटाने दाबून भरलेली, वरून हळद आणि तेल.

तालमीतल्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर असं बरंच काही घालतात. पैलवानाला खरचटलं, की मूठभर तीच माती चोळायची, चार दिवसांत खपली धरते. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय आणि वरवरच्या खरचटण्याला ते चालूनही जातं. वस्तादांनी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. त्यांच्याजवळ जे सगळ्यांत पवित्र होतं, ते त्यांनी पोराच्या जखमेत भरलं होतं. पण खरचटलेली कातडी आपली आपण मिटते. सळईच्या कडेची कातडी मिटू शकत नाही, तिथे हाडापर्यंत वाट उघडी असते.

सिस्टर पुढे आल्या. त्यांनी हाताची मागची बाजू संग्रामच्या पायाला लावली आणि लगेच काढून घेतली. बाहेरचा दांडा पकडून किंचित हलवला, तशा दोन सळ्या सैल लागल्या आणि बुडातून पिवळा, लाल, मातकट असा पू उसळून चादरीवर पडला. संग्राम ओरडला. सिस्टर वळल्या. दाराशी वस्ताद उभे होते, मागे वीस-पंचवीस पैलवान.

"कुणी भरली माती?"

"मी," वस्ताद म्हणाले. "आमच्या मातीनं आजवर कुणाचं वाईट..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. सिस्टरांनी आपल्या पाच फुटांच्या उंचीवरून हात उचलला आणि वस्तादांच्या गालावर मारला. सत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या अंगाला, कुस्ती सोडली तर, कुणाचा हात लागला नसेल. मग मागचे पैलवान दार ढकलून आत घुसले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. काचा. उलटलेली ट्रॉली. आमच्या वॉर्डबॉयला भिंतीवर आपटलेलं. वस्ताद ओरडत होते, "थांबा रं! थांबा!" पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच कुणी ऐकत नव्हतं. संग्रामच्या कॉटला धक्का बसला आणि सिस्टर त्याच्या पायावर आडव्या झाल्या. कुणीतरी सलाईनचा लोखंडी स्टँड फिरवला. सिस्टरांनी उजवा हात वर केला. तो आवाज मी ऐकला. हाडांचा डॉक्टर असल्यामुळे तो कशाचा होता हे मला लगेच कळलं, आणि तसं कळल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा तिटकारा आला.

पोलीस आले. कुणी मारलं, असं सिस्टरांना विचारलं. त्या कॉटच्या कडेला बसल्या होत्या, मनगट वाकडं होऊन लोंबत होतं, ओठ पांढरे पडले होते.

"त्याच्या वस्तादाला आदी मी मारलं. फिटलं. आता त्या पोराचा पाय धुवाय घ्या, माझ्याकडं काय बघालायसा?"

मनगटाचा अगदी चुरा झाला होता. सरांनी दुपारी ऑपरेशन केलं. दोन सळ्या हाताच्या हाडात, दोन तळहाताच्या मागच्या बाजूला, आणि बाहेरून दांडा. ज्या बाईने हजारो सळ्या पुसल्या, तिच्या हातातून आता चार बाहेर आल्या होत्या.

संग्रामच्या पायाचं सरांनी स्पष्टच सांगितलं होतं. सैल सळ्या काढल्या, दुसऱ्या जागी घातल्या, पाय धुतला, पण चार दिवसांत ताप उतरला नाही तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. सिस्टर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी हात गळ्यात बांधून वॉर्डात हजर झाल्या. त्यांनी वस्तादांना बोलावणं धाडलं. वस्ताद एकटेच आले, खाली मान घालून. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तर सिस्टर म्हणाल्या, "ती नगं. हात धुवा. कोपरापातूर. माती भरलीसा तुमी, काढणार बी तुमीच."

पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. ज्या हातांनी थोराड गडी उचलून आपटले, त्या हातांत चिमटा आणि बोळा. शेजारी सिस्टर उभ्या, एक हात गळ्यात, दुसऱ्या हाताने वस्तादांच्या पाठीत ढोसत. "दाबा! अजून आत! त्याला दुखतंय म्हणून आखडू नगासा हात! तुमची दयाच त्याचा पाय खाईल!" संग्राम उशी चावायचा. वस्तादांच्या मिशांवरून पाणी ओघळायचं. पण हात थांबायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी डाव्या हाताची मागची बाजू संग्रामच्या नडगीला लावली, बराच वेळ तशीच ठेवली आणि म्हणाल्या, "गार हाय." त्यांच्या तोंडून इतक्या हळू निघालेला शब्द मी तो एकच ऐकला. पाय वाचला.

आता माझं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण त्याशिवाय सिस्टर पुऱ्या होत नाहीत.

दुसऱ्याने करायचं हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला आणि त्यांच्या हाताचं ड्रेसिंग माझ्याकडे दिलं. सगळ्या डॉक्टरांतून माझ्याकडे. मी रोज त्यांच्या हाताशी बसायचो आणि एक गोष्ट बघून चकित व्हायचो. लोकांच्या जखमेत डोळा घालून बघणारी ही बाई स्वतःच्या हाताकडे बघायची नाही. तोंड फिरवून संग्रामच्या कॉटकडे बघत राहायची, नाहीतर तिकडे ओरडत राहायची. आणि माझा हात हलका पडायचा. त्यांना दुखवायचं धाडसच व्हायचं नाही.

चौथा दिवस शनिवार होता. त्यांच्या मनगटाच्या वरच्या सळईपाशी कातडी वर ओढली गेलेली मला दिसली. सूज होती, कडेला लाली होती. ब्लेडचं दोन मिनिटांचं काम. मी ट्रेमधलं ब्लेड बघितलं, त्यांचा हात बघितला आणि मला वाटलं, आजच नको. त्या तिकडे वस्तादांना काहीतरी सांगत होत्या. मी पुटपुटलो, "सिस्टर, इथं जरा ताण वाटतोय. उद्या सोडवू."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांनी ऐकलंच नव्हतं. संग्रामचा ताप उतरून एकच दिवस झाला होता, त्यांचं सगळं ध्यान तिकडे होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी जयसिंगपूरला गेलो, घरी पाहुणे होते, आणि त्यांचं ड्रेसिंग दुसऱ्या कुणाला सांगायचंही राहिलं. सोमवारी सकाळी पट्टी सोडली आणि वास आला. सळईच्या बुडातून पू आला आणि लाल पट्टा कोपरापर्यंत चढला होता. ती सळई काढावी लागली, मग दुसरीही सैल झाली. सांधा सरकला. दोन वेळा धुवून, महिनाभर औषधं देऊन हात वाचला, पण मनगट वाकडं जुळलं आणि बोटं मिटेनाशी झाली.

सोमवारी पट्टी सोडली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे वळून बघितलं. मग विचारलं, "शनवारी दिसलं व्हतं?"

"हो."

मी गाल पुढे करून बसल्यासारखा बसलो होतो. मारतील म्हणून वाट बघत होतो. त्यांनी मारावं अशी माझी इच्छा होती.

"बरं, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "करा तुमचं काम."

त्या दिवसापासून सहा वर्षं मी त्यांच्यासाठी 'डॉक्टरसाहेब' राहिलो. मी तिथेच कायम झालो. सिस्टरांना ड्रेसिंग करता येईना, म्हणून त्यांना केस पेपरच्या टेबलावर बसवलं. तिथूनही त्यांचा आवाज वॉर्डभर फिरायचा. नव्या पोरींना डाव्या हाताने रट्टे बसायचे, वॉर्डबॉयच्या पाठीत धपाटे पडायचे. मला मात्र, "साहेब, ह्या कागदावर सही हवी होती." "साहेब, जेवण झालं का आपलं?" एकदा मी मुद्दाम त्यांच्या डोळ्यांदेखत एका सळईचा बोळा दुसरीला लावला. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या. "साहेब, जरा चुकलं वाटतं," असं म्हणून त्यांनी नवा बोळा माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसल्या. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडलो. असा मार कधी खाल्ला नव्हता.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सकाळी मी राउंड घेत होतो. एक नवा शिकाऊ डॉक्टर सोबत होता, हुशार पोरगा. एका म्हाताऱ्याच्या पायात सळईपाशी कातडी ताणलेली दिसली. "सर, ओपीडी भरलीय. उद्या करतो," तो म्हणाला.

माझा हात कसा उठला मला कळलं नाही. त्याच्या मनगटावर सपकन बसली. "उद्या? ब्लेड घे. आत्ता." तो माझ्याकडे बघत राहिला, तक्रार करावी की काय असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मीच ब्लेड घेतलं आणि ताण सोडवला. मान वर केली तर वॉर्डाच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. त्या तशाच वळून निघून गेल्या.

दुपारी निरोपाला तालीम लोटली. दादू वस्तादांनी स्वतः सिस्टरांच्या डोक्याला फेटा बांधला. संग्राम आला होता, एक पाय किंचित टाकत चालणारा. मोठ्या मैदानात तो परत उतरला नाही, पण तालमीत पोरांना शिकवतो. तालमीच्या दाराशी त्याने एक पाटी लावली आहे, 'सळ्या घातलेल्यांनी मातीत येऊ नये.' सिस्टरांनी ती पाटी बघून त्याला एक ठेवून दिली म्हणे. अक्षर वाईट होतं.

त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो. त्यांची पिशवी माझ्याकडे होती. कोडोलीची गाडी लागली, त्या खिडकीशी बसल्या, फेटा अजून डोक्यावरच. मी पिशवी आत दिली आणि नमस्कार करून वळलो.

"ए मगदुमाच्या पोरा."

माझे पाय तिथेच थांबले. सहा वर्षं मी ती हाक ऐकली नव्हती.

"हिकडं ये. जवळ ये की. खिडकीशी."

मी तोंड खिडकीशी नेलं. त्यांचा डावा हात बाहेर आला आणि माझ्या गालावर असा बसला, की कानात शिट्टी वाजली. स्टँडवरचे लोक थबकले. कंडक्टरने मान बाहेर काढली.

"ही त्या शनवारची," सिस्टर म्हणाल्या. "लई दिस ठेवली व्हती. आज सकाळी त्या पोराला मारलीस तवा म्हटलं, आता दिली पायजे."

मी नुसता मान हलवत राहिलो. गाडी सुरू झाली. शेजारी एकजण विचारत होता, "काय झालं पावणं? कोण बाई त्या?" मी म्हणालो, "आमच्या सिस्टर हायत." आणि मला हसू आलं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही.

गाडी फलाटावरून मागे सरकून वळली. त्यांनी उजवा हात खिडकीबाहेर काढला होता. मनगटावर दोन आणि तळहाताच्या मागे दोन, असे चार गोल डाग. बोटं मिटत नव्हती, त्यामुळे हात हलवणं त्यांना नीट जमत नव्हतं. गाडी गर्दीत शिरेपर्यंत तो हात तसाच बाहेर होता.